गोळी घेतली का? बाटलीला विचारा!

लघवी हा शब्द पहिल्याच ओळीत आला की काही जण नाक मुरडून पुढे सरकतील. सरका बापडे. जे थांबतील त्यांच्यासाठी आजची पोस्ट जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मानसिक आजारावर औषध घेणाऱ्या माणसाने गोळी खरंच घेतली की नाही, हे त्याच्या लघवीवरून ओळखायची यंत्रं आली कुठून, कुणी आणली आणि कशासाठी, हा आजचा विषय. मी डॉक्टर नाही. पण गेल्या काही महिन्यांत तालुक्यातल्या तिघा-चौघांनी असे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून "भाऊ, याचा अर्थ काय हो?" असं विचारलं. मग मी वाचत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट वारंवार समोर यायला लागली. या कहाणीतली बहुतेक मोठी पावलं सैनिकांच्या दवाखान्यांत पडली आहेत. फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, सगळीकडे. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी एक फरक लक्षात घ्या. लघवी तपासणं ही जुनीच विद्या. आपल्याकडे योगरत्नाकर या ग्रंथात लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो ते पाहायची रीत सांगितली आहे. युरोपातले जुने वैद्य काचेचं भांडं उजेडात धरून रंग बघत. पण या सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, याला झालंय काय? दुसरं महायुद्ध संपल्यावर दहा-पंधरा वर्षांत बाटलीला एक निराळा प्रश्न विचारला जायला लागला. हा खरं बोलतोय का?

सुरुवात मात्र त्या प्रश्नाने झाली नव्हती. जॉन केड नावाचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर युद्धात जपान्यांच्या हाती सापडला आणि सिंगापूरच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिला. सुटून आल्यावर मेलबर्नजवळ बुंदूरा इथे माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात तो रुजू झाला. उन्मादाच्या रुग्णांच्या अंगात काहीतरी विषारी द्रव्य तयार होत असावं आणि ते लघवीतून बाहेर पडत असावं, असा त्याचा तर्क होता. म्हणून त्याने रुग्णांची लघवी गिनीपिगांना टोचायला सुरुवात केली. पुढे युरिक अॅसिडचा परिणाम पाहायचा होता, पण ते पाण्यात नीट विरघळेना. विरघळणारा क्षार हवा म्हणून त्याने लिथियमचा क्षार घेतला, आणि गिनीपिग शांत झाले! (ते बहुधा लिथियमच्या विषबाधेने सुस्तावले होते, असं आता मानतात. पण विज्ञानात कधी कधी चुकीच्या दारातूनही योग्य खोलीत जाता येतं.) १९४९ साली केडने आपले निष्कर्ष छापले. रुग्णांत फरक दिसत होता.

अडचण अशी की लिथियमचा औषधी डोस आणि विषारी डोस अगदी शेजारी शेजारी राहतात. केडच्याच एका रुग्णाचा १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. मेलबर्नमध्येच नोअॅक आणि ट्रॉटनर या दोघांनी रक्तातलं लिथियम मोजायला फ्लेम फोटोमीटर वापरला. तत्त्व सोपं आहे. चुलीवरचं भात-भाजीचं पाणी उतू गेलं की मिठामुळे जाळ पिवळा होतो ना, तसा लिथियममुळे तो लाल होतो. किती लाल, ते यंत्र मोजतं. आजही लिथियम घेणाऱ्यांना डॉक्टर अधूनमधून रक्ताची लेव्हल काढायला सांगतात ती याच परंपरेतली. इथे मोजमाप आलं ते रुग्णाला वाचवायला. संशय औषधावर होता, माणसावर नव्हता.

आता पॅरिस. डिसेंबर १९५० मध्ये पॉल शार्पांतिए या रसायनतज्ज्ञाने क्लोरप्रोमाझिन तयार केलं. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण शांत राहावा म्हणून आँरी लाबोरी हा नौदलाचा सर्जन असल्या औषधांच्या शोधात होताच. त्याच्याच आग्रहावरून जानेवारी १९५२ मध्ये पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात हे औषध पहिल्यांदा एका मनोरुग्णाला दिलं गेलं. पुढे डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी सेंट अॅन रुग्णालयात त्याचा पद्धतशीर वापर केला. १९५४ ला ते अमेरिकेत पोचलं. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी त्याचं नाव लार्गॅक्टिल. घरात जुना रुग्ण असेल तर तुम्हीही ऐकलं असेल.

त्या काळी, म्हणजे १९५५ च्या सुमारास, अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. एकेका वॉर्डात शेकड्यांनी खाटा. नर्स ट्रे घेऊन फिरणार, गोळी हातावर ठेवणार, पुढच्या खाटेकडे जाणार. आणि रुग्ण? कुणी गोळी गालात धरायचा, कुणी जिभेखाली, नर्सची पाठ वळली की थुंकायचा. त्यांना मूर्ख समजू नका. या औषधाने हात थरथरायचे, अंग ताठायचं, तोंड कोरडं पडायचं, दिवसभर झापड यायची, उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी व्हायची. ज्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नाही, त्याने हे सगळं का सोसावं?

डॉक्टरचीही बाजू आहे. रुग्ण सुधारत नाही. मग औषध लागू पडत नाही म्हणायचं की ते पोटातच जात नाही? लागू पडत नाही समजून डोस दुप्पट केला, आणि नव्या कडक नर्सने तो खरोखर गिळायला लावला, तर माणूस आडवा व्हायचा. तेव्हा खरं काय ते कळायला हवं, ही गरज काही खोटी नव्हती.

ती गरज भागवली फ्रेड फॉरेस्ट आणि आयरीन फॉरेस्ट यांनी. ठिकाण होतं मॅसॅच्युसेट्समधलं ब्रॉक्टन, माजी सैनिकांचं रुग्णालय. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लघवीच्या रंगचाचण्या काढल्या. फेरिक क्लोराइड, परक्लोरिक अॅसिड आणि नायट्रिक अॅसिड यांचं मिश्रण करायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एफपीएन म्हणतात. लघवी एक भाग, मिश्रण एक भाग, एकत्र ओतायचं आणि बघायचं. क्लोरप्रोमाझिनच्या जातीचं औषध पोटात गेलं असेल तर काही सेकंदांत गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत रंग चढतो. जितका गडद रंग तितकं औषध जास्त, असा ढोबळ हिशोब. इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधासाठी निराळं मिश्रण होतं, त्यात हिरवा-निळा रंग यायचा. खर्च किरकोळ. मोठी प्रयोगशाळा नको की यंत्र नको, वॉर्डातच काम होतं.

फेरिक क्लोराइड हे मतिमंदत्वाच्या इतिहासातही येतं. १९३४ मध्ये नॉर्वेच्या आस्बियोर्न फोलिंगने याच रसायनाने दोन भावंडांची लघवी तपासली. ती हिरवी झाली आणि पीकेयू हा जन्मजात आजार उजेडात आला. तिथे रंगाने सांगितलं की या मुलांच्या शरीरात काय बिघडलंय. ब्रॉक्टनमध्ये रंग सांगत होता की रुग्णाने काय लपवलंय.

आता यंत्राकडे येऊ. ब्रॉक्टनमध्ये रंग डोळ्यांनी बघत होते. तिकडे क्लीव्हलंडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात लेनर्ड स्केग्ज नावाचा रसायनतज्ज्ञ कामाच्या ढिगाने वैतागला होता. नमुने वाढत होते, माणसं तेवढीच. दर नमुन्याला तेच मोजणं, तेच ओतणं, तेच ढवळणं. त्याच्या डोक्यात आलं, नमुने वेगवेगळ्या नळ्यांत ठेवायचेच कशाला? एकाच बारीक नळीतून एकामागोमाग एक वाहू द्यावेत. पण मग ते एकमेकांत मिसळणार. यावर त्याचा उपाय इतका साधा की हसू येतं. मध्ये मध्ये हवेचे बुडबुडे सोडायचे! बुडबुडा नळीची आतली बाजू पुसत पुढे जातो, आणि मागचा नमुना पुढच्यापासून वेगळा राहतो. स्केग्जने कृत्रिम मूत्रपिंडावरही काम केलं होतं, तिथला पातळ पडदा त्याने इथे प्रथिनं गाळायला वापरला. शेवटी रंग मोजणारा फोटोमीटर आणि कागदावर रेघ ओढणारी पेन. पहिलं यंत्र त्याने घरच्या तळघरात जुळवलं. बऱ्याच कंपन्यांनी नकार दिल्यावर टेक्निकॉनच्या एडविन व्हाइटहेडने ते घेतलं आणि १९५७ मध्ये 'ऑटोअॅनलायझर' नावाने बाजारात आणलं. आज आपल्या तालुक्याच्या लॅबमध्ये टेबलावर जी मशीन शुगर-युरिया काढते, तिचा हा मूळपुरुष.

रंग मोजणं हेच या यंत्राचं काम. त्यामुळे लघवीतल्या औषधांच्या रंगचाचण्याही १९६० च्या दशकात अशा यंत्रांवर बसवण्याचे प्रयत्न झाले. वॉर्डातल्या कुठल्या खाटेवरचा माणूस गोळी थुंकतो, हे आता नर्सच्या नजरेवर अवलंबून राहणार नव्हतं.

तिसरं रुग्णालय न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं. तेही माजी सैनिकांचंच. तिथे रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी अँटिबॉडी आणि किरणोत्सर्गी खूण वापरून रक्तातलं अगदी सूक्ष्म प्रमाणातलं इन्शुलिन मोजून दाखवलं. यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. अँटिबॉडीने औषध ओळखायची कल्पना इथून सगळीकडे पसरली.

आता माझं म्हणणं सांगतो. सैनिकांचेच दवाखाने का? एक म्हणजे पैसा सरकारी आणि एकहाती. दुसरं, हजारो रुग्ण एका छपराखाली, फायली व्यवस्थित, वर्षानुवर्षांच्या. आणि तिसरं, ज्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. फौजेत राहिलेल्या माणसाला "बाटली भर" म्हटल्यावर "का?" असं विचारायची सवय नसते.

ज्यांनी बाहेरच्या, सुट्या रुग्णांना तपासलं त्यांना निराळंच चित्र दिसलं. लंडनमध्ये १९६० च्या दशकात विलकॉक्स आणि हेअर यांच्या गटाने मानसोपचार घेणाऱ्यांची लघवी तपासली. बाह्यरुग्ण विभागातले जवळपास निम्मे लोक लिहून दिलेली औषधं घेत नव्हते. रुग्णालयात भरती असलेल्यांतही, म्हणजे नर्सच्या डोळ्यांसमोर, न घेणारे होतेच. प्रमाण कमी, पण होते. असे आकडे आल्यावर दोन रस्ते होते. एक, लोक का घेत नाहीत ते विचारणं. दुसरा, न घेण्याची सोयच ठेवायची नाही. वैद्यकशास्त्राने दुसऱ्या रस्त्यावर जास्त खर्च केला असं मला वाटतं. त्याच दशकात फ्लुफेनाझिनचं तेलातलं इंजेक्शन आलं. एकदा कमरेत टोचलं की दोन-चार आठवडे बिनघोर. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत आजही ते देतात. त्याने अनेक घरं सावरली, हेही खरं आहे. मी स्वतः अशी घरं पाहिली आहेत.

रंगचाचण्या मात्र टिकल्या नाहीत. कारण औषधंच बदलली. क्लोरप्रोमाझिन दिवसाला शेकडो मिलिग्रॅम द्यावं लागतं, म्हणून लघवीत रंग येण्याइतका माल उतरतो. १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल यानसेनच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. जात वेगळी आणि डोस मोजक्या मिलिग्रॅमचा, एफपीएनला त्याचा पत्ताच लागत नाही. आपल्या सर्पगंधेतून निघालेल्या रेझर्पिनचीही हीच गत, डोस मिलिग्रॅमच्या अंशात. (मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण जगापुढे मांडला आणि काही वर्षांत तीच वनस्पती मनोरुग्णालयांत शिरली. तो स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.)

शिवाय शरीर औषध जसंच्या तसं बाहेर टाकत नाही. क्लोरप्रोमाझिनचे यकृतात डझनावारी तुकडे होतात, मूळ रूपात लघवीत उतरतं ते नाममात्र. बरीच वर्षं घेतलेलं असेल तर बंद केल्यावरही कित्येक आठवडे त्याचे अंश येत राहतात. वर, पाणी जास्त प्यालं की लघवी पातळ. म्हणून लघवीतल्या आकड्यावरून "इतकी गोळी घेतली" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा.

आणि मग पुन्हा फौज. १९७१ मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचं व्यसन पसरल्याच्या बातम्या आल्या. निक्सन सरकारने फर्मान काढलं, विमानात बसायच्या आधी प्रत्येकाने बाटली भरायची. लघवीत काही सापडलं तर घरी जाणं लांबलं. सैनिकांनी मोहिमेला नाव दिलं, 'ऑपरेशन गोल्डन फ्लो'. फौजी विनोद सगळीकडे सारखाच! इतके नमुने झटपट तपासायला कॅलिफोर्नियाच्या सिव्हा कंपनीचं तंत्र वापरलं गेलं. त्याच कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये एमिट नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिला किरणोत्सर्ग लागत नव्हता, आणि ती साध्या मशीनवर चालत होती. आज ज्याला 'युरिन ड्रग स्क्रीन' म्हणतात त्यातल्या बऱ्याच चाचण्या या कुळातल्या. १९८६ मध्ये रेगनने सरकारी कचेऱ्या नशामुक्त करायचा आदेश काढला आणि बाटली फौजेतून नोकरीच्या दारात आली.

एमिट चालतं कसं, ते एसटीच्या भाषेत सांगतो. अँटिबॉडी म्हणजे गाडीतल्या सीटा, एका ठरावीक औषधाच्या मापाने बेतलेल्या. कंपनी किटमध्ये त्याच औषधाचे आपले प्रवासी पाठवते, प्रत्येकाच्या हाती एन्झाइमचं काम दिलेलं. सीटवर बसला की त्याचे हात बांधले गेले, काम बंद. लघवीत औषध नसेल तर कंपनीचे प्रवासी सगळ्या सीटा पटकावतात, काम थंडावतं. लघवीत औषध असेल तर रुग्णाच्या औषधाने आधीच रुमाल टाकून जागा धरलेली असते. कंपनीचे प्रवासी उभेच राहतात आणि काम करत सुटतात. मशीन ते काम मोजते. ठरावीक रेषेच्या वर गेलं की पॉझिटिव्ह, खाली राहिलं की निगेटिव्ह.

गोम सीटच्या मापात आहे. बेन्झोडायझेपिन, म्हणजे झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्यांच्या किटमध्ये सीट बहुधा ऑक्साझेपाम, नॉरडायझेपाम यांच्या मापाची असते. कारण डायझेपाम घेतलं की शरीरात हेच तयार होतात. आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जातं ते क्लोनाझेपाम. शरीरात त्याचं ७-अमिनोक्लोनाझेपाम होतं, आणि ते या सीटवर नीट बसतच नाही. लोराझेपामचंही बऱ्याच किटमध्ये तसंच. माणूस इमानेइतबारे गोळी घेतो आणि मशीन म्हणते, निगेटिव्ह. उलटही होतं. क्वेटियापिनमुळे काही किट मेथाडोन किंवा ट्रायसायक्लिक दाखवतात. बुप्रोपिऑन, ट्रॅझोडोन, क्लोरप्रोमाझिन यांनी अॅम्फेटामिनचा खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणजे नैराश्यावर उपचार घेणारा माणूस नोकरीच्या तपासणीत नशेबाज ठरतो.

मला आलेल्या रिपोर्टांपैकी एक असाच होता. मुलगा पंचविशीतला, उपचार चालू, आई रोज रात्री समोर बसून गोळी द्यायची. जिथे उपचार चालू होते तिथे लघवी तपासली, बेन्झोडायझेपिन निगेटिव्ह. फाईलवर लिहिलं गेलं की औषध घेत नाही, विकत असण्याची शक्यता. ती ओळ वाचून आईने मला फोन केला. "मी काय खोटं बोलते का हो? रिकामी पाकिटं ठेवलीत मी, डब्यात." नमुना मुंबईला पाठवून मास स्पेक्ट्रोमेट्रीवर तपासला. ही पद्धत रेणूचं वजन बघून ओळखते, सीटबिट भानगड नाही. त्यात ७-अमिनोक्लोनाझेपाम निघालं. खर्च आईनेच केला. फाईलवर नवी नोंद झाली. जुनी ओळ खोडली मात्र नाही, ती तिथेच आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत तर गोळीच चुगली करायला लागली. अॅरिपिप्रॅझोलच्या गोळीत वाळूच्या कणाएवढा सेन्सर, पोटात गेला की छातीवरच्या पट्टीला सिग्नल, तिथून मोबाइलवर. तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू. त्यातल्या कलम २२ प्रमाणे रुग्णाला आपला आजार, उपचार आणि औषधांचे दुष्परिणाम यांची माहिती मिळायचा हक्क आहे. कलम २३ प्रमाणे ही माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. नोकरीच्या तपासणीत कुणी बाटली हातात दिली तर हे माहीत असू द्या.

आणि रिपोर्ट हातात आला तर काउंटरवर दोनच गोष्टी विचारा. हे नुसतं स्क्रीनिंग आहे की मास स्पेक्ट्रोमेट्रीवर पक्कं केलंय? आणि जी गोळी चालू आहे, ती या किटला दिसते का? काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर किटचं माहितीपत्रक मागा. बहुतेक किटच्या पत्रकात कंपनीने स्वतःच बारीक अक्षरात छापलेलं असतं की हा निकाल केवळ प्राथमिक आहे, खात्रीसाठी दुसऱ्या पद्धतीने तपासावं. मागच्या महिन्यात मी आपल्या गावातल्या एका लॅबमध्ये ते मागितलं. किटच्या खोक्यातच होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.